अंगठ्याएवढी कोरी जागा

तुमच्याआमच्या गावापासून फार लांब नाही आणि चालत जावं इतकं जवळही नाही, अशा एका ठिकाणी करवंदवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, जिथे वाट संपते आणि टेकडी सुरू होते, तिथे एक बुटकं कौलारू घर होतं. त्याच्या छपरातलं एक कौल फुटलं होतं. पाऊस आला की तिथून टपटप पाणी गळायचं, आणि ऊन पडलं की तिथूनच टिकलीएवढा कवडसा जमिनीवर उतरायचा.

त्या घरात नऊ वर्षांची बकुळा आणि तिची आई सगुणा अशा दोघीच राहत. दोन वर्षांपूर्वी सगुणाला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची दृष्टी घेऊन गेला. त्यानंतर एकदा ती चाचपडत बाहेर पडली, ओढ्याच्या उतारावर घसरली आणि गुडघे फोडून घेऊन परतली. तेव्हापासून तिने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता.

पण पोट काही आंधळं नसतं. म्हणून सगुणा घरात बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची. तिची बोटं इतकी हुशार, की पान हातात घेताच देठ कुठे, टोक कुठे हे त्यांना बरोबर कळायचं. पानं आणायला बकुळा रोज टेकडीवर जायची. जाताना आई रोज एकच गोष्ट बजावायची, "बकू, एका देठाला पानं तीन असतात. दोन घ्यायची, एक ठेवायचं. तिसरं पान झाडाचं असतं."

"कुठल्याही झाडाचं?"

"कुठंही जा बाई, पळसाला पानं तीनच!" आई हसून म्हणायची.

संध्याकाळी पानांचा भारा टेकवला की आई विचारायची, "आज टेकडी कशी होती गं?"

"चांगली होती," बकुळा म्हणायची.

"चांगली म्हणजे कशी?"

आता काय सांगणार? बकुळा डोकं खाजवायची. "म्हणजे... हिरवी होती."

आणि मग एके दिवशी आई पत्रावळ लावता लावता थांबली. हळूच म्हणाली, "बकू, हिरवा म्हणजे कसा असतो गं? मला आठवेना झालंय."

आईनेच तर तिला टेकडीवरची झाडं शिकवली होती! आईचे डोळे गेले होतेच, आता आईची टेकडीसुद्धा जायला लागली होती. त्या दिवशी बकुळाला भाकरी गोड लागली नाही.

भाद्रपद संपत आला होता. सारी टेकडी फुलांनी नटली होती. गुलाबी गुलाबी तेरडा, पिवळीधमक सोनकी, चंदेरी तुऱ्यांचा कुर्डू! बकुळा पानं तोडत होती, पण मनात एकच विचार. टेकडी घरी कशी न्यायची? पाटीत भरून? परकराच्या ओच्यात बांधून?

तेवढ्यात तिच्या हाती एक झुपकेदार डहाळी आली. भारा पुरा व्हायला तेवढीच डहाळी हवी होती. तिने पान उलटं केलं तर काय, खाली मोहरीएवढी पिवळी अंडी! एकाला एक चिकटून बसलेली, चिमुकली, चकचकीत. फुलपाखराची!

"राहू दे बाई," बकुळा स्वतःशीच म्हणाली. "आज एक पत्रावळ कमी होईल, एवढंच." आणि तिने डहाळी अलगद सोडून दिली.

"हुश्श! वाचले गं बाई!" कुणीतरी म्हणालं.

बकुळाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पळसाच्या बुंध्यावर एक सोनेरी कवडसा पडला होता, आणि त्या कवडशात एक परी बसली होती. दोन बोटं उंच! अंगात तेरड्याच्या पाकळ्यांचा घोळदार झगा, पाठीवर चतुर किड्यासारखे पारदर्शक पंख, आणि हातात पापणीच्या केसाहून बारीक कुंचला.

"ही वीस फुलपाखरं आहेत माझी," परी म्हणाली. "अंड्यातून अळी, अळीतून कोश, कोशातून पंख. पंखांवरचे ठिपके मी रंगवते. तू पान तोडलं असतंस तर माझं सगळं काम पाण्यात गेलं असतं."

"तू कोण गं?" बकुळाने डोळे विस्फारून विचारलं.

"मी कवडशी. जिथे कवडसा तिथे मी, कवडसा गेला की मी गेले. तेव्हा पटपट बोल. माझं काम वाचवलंस, तर काहीतरी माग."

बकुळाने लाडू मागितले नाहीत, की जरीचं परकर-पोलकं मागितलं नाही. ती एका दमात म्हणाली, "माझ्या आईला डोळे दे!"

परीचे पंख एकदम मिटले. "ते माझ्या हातात नाही गं राणी. माझ्याकडे फक्त रंग आहेत. दुसरं माग."

बकुळाचे डोळे भरून आले, पण तिने पाणी परतवलं. "मग आईला टेकडी परत मिळू दे. ती विसरायला लागली आहे."

"हे मात्र जमेल!" कवडशीने टाळी वाजवली. बकुळाच्या हातात तीन कोरे कागद आले, दुधाच्या सायीसारखे मऊ. "यावर टेकडीचं चित्र काढ. त्या घटकेला टेकडीच्या मनात जे असेल ते कागदावर उतरेल. वारा असेल तर वारा, गारवा असेल तर गारवा. आणि जो त्यावर तळहात ठेवेल, त्याला ते सगळं जाणवेल. पण तीन नियम आहेत हं. एक, चित्र तिथेच बसून काढायचं, उघड्या आभाळाखाली. घरी आणून एक रेघही ओढायची नाही. दोन, जे डोळ्यांना दिसतं, अंगाला लागतं, तेच काढायचं. पाठ केलेलं काढायचं नाही. आणि तीन, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी ठेवायची."

"कोरी का?"

"कारण ती तुझी नाही आणि माझीही नाही."

"मग कुणाची?"

पण नेमका तेव्हाच एक गुबगुबीत ढग सूर्यासमोर आला. कवडसा पुसला गेला आणि परी दिसेनाशी झाली. बकुळाचा प्रश्न तिच्यापाशीच राहिला.

रंग काही परीने दिले नव्हते. मग बकुळाने ते गोळा केले. ओढ्याकाठचा तांबडा गेरू, चुलीतला कोळसा, डब्यातली चिमूटभर हळद, भिंतीचा पांढरा चुना, तेरड्याच्या पाकळ्या, आणि कुंपणावरच्या गोकर्णीची निळी निळी फुलं. सगळं कुटून, कालवून करवंट्यांत भरलं. राहिला कुंचला. त्यासाठी ती खारीकडे गेली.

"शेपटीचे चार केस देतेस का गं, खारूताई?"

"चार? चुक् चुक्! तीन देईन, आणि मला बघायला बसू दे," खार म्हणाली. असा सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी बकुळा टेकडीवर जाऊन बसली. पहिला कागद मांडीवर घेतला आणि सरसर चित्र काढायला लागली. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, त्याला मोजून सात किरणं. खाली एक झोपडी, शेजारी नारळाचं झाड. करवंदवाडीत औषधाला नारळ नव्हता, पण चित्र म्हटलं की नारळ हवाच, नाही का?

कागदाने काय केलं असेल? ओला कुत्रा अंग झटकतो तसं अंग झटकलं! सगळे रंग बकुळाच्या नाकावर.

खार पोट धरून हसली. "ही कुठली टेकडी गं बकुळे? आपल्याकडे डोंगर असा समोशासारखा कधी होता?"

बकुळा ओशाळली. दुसरा नियम पहिल्याच चित्रात मोडला होता! तिने नाक पुसलं, कुंचला खाली ठेवला आणि नुसती बघत बसली. बराच वेळ बसली. आणि मग एकेक गंमत तिच्या ध्यानात यायला लागली.

टेकडी हिरवी नव्हतीच मुळी! धुक्यात ती निळसर राखाडी दिसत होती. जवळचं गवत जरा जांभळट. सूर्य तर दिसतही नव्हता, नुसती एका बाजूला ढगांची कड पिवळी झाली होती. धुक्याला रंग असतो का? नसेल तर ते दिसतं कसं? पायाच्या बोटांना दव लागलं की दातांत गार का वाटतं? आणि हा वास कसला, ओल्या मातीचा की चेचलेल्या गवताचा? आजवर हजारदा ती इथे आली होती, पण यातलं काहीच तिने पाहिलं नव्हतं. मग तिने कुंचला उचलला. चुन्यात थोडा कोळसा, त्यात गोकर्णीचं निळं. या वेळी कागदाने रंग मुकाट्याने पिऊन घेतला. शेवटी एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी ठेवायचं तेवढं तिच्या जिवावर आलं.

धावत घरी जाऊन तिने आईचा तळहात चित्रावर ठेवला.

"अगं बाई!" आईने पाय वर घेतले. "पायाला दव लागलं! धुकं... हे धुकंच ना गं? आणि सातभाई पाखरं कलकलतायत कुठंतरी." आईचा चेहरा उजळला. दोन वर्षांत बकुळाने तो तसा पाहिला नव्हता. तिला एकदम रडू आलं आणि हसूही आलं.

दुसरं चित्र तिने दुपारी काढलं. तापलेला कातळ, त्यावर सोनकीचा पिवळा पिवळा पसारा, गुणगुणणाऱ्या मधमाश्या आणि पाठीला लागणारं खरपूस ऊन. आईने हात ठेवला आणि म्हणाली, "पाठ शेकली की गं! या कातळावर बसून मी कांदाभाकरी खायचे." मग तिचा हात सरकत सरकत कोपऱ्यात आला. "इथं काय आहे? इथं काहीच लागत नाही हाताला."

"तिथे कोरं ठेवलंय."

"कोरं? अगं, एवढा चांगला कागद वाया कशाला घालवायचा? आपल्याला कुठलं परवडतंय!" आई म्हणाली. आता आईला बिचारीला नियम ठाऊक नव्हता, आणि बकुळाने तो सांगितला नव्हता. सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

थोड्या वेळाने आई हळूच म्हणाली, "बकू, तळ्यावरची संध्याकाळ काढशील का गं? तिथं सांजेला एक झुळूक येते. सगळं अंग निवतं तिनं. एवढी एकदा मिळाली की पुन्हा काही मागायची नाही मी."

आईने काही मागायची ही पहिलीच वेळ. बकुळा दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी जाऊन बसली. हातात शेवटचा कागद. ऊन उतरायला लागलं. पाणी आधी सोनेरी झालं, मग केशरी, मग तेरड्यासारखं गुलाबी. बगळे परतत होते. गुरांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणत उतरत होत्या. बकुळाचा हात भराभर चालला होता. सगळं आलं! फक्त ती झुळूक राहिली, पाण्यावर बारीक चुणी उमटवत येणारी. आणि कागदावर जागा उरली होती ती नेमकी अंगठ्याएवढी.

बकुळाने जागेकडे पाहिलं. शेवटचाच कागद आहे. आईला झुळूक हवी आहे. आणि एवढ्याशा जागेने असं काय होणार आहे?

"चुक् चुक् चुक्!" खार ओरडली.

"इतकुसं तर आहे गं," बकुळा म्हणाली, आणि तिने तिथे झुळूक रंगवून टाकली. काठोकाठ.

त्या क्षणी तळं थिजलं. वारा पडला, बेडूक गप्प झाले. पण बकुळाला कुठलं भान? चित्र छातीशी धरून ती घराकडे पळत सुटली होती.

आणि चित्र तरी काय झालं होतं म्हणता! आईने हात ठेवला आणि घरभर संध्याकाळ पसरली. आईचे केस झुळकीने भुरभुरले. "हीच गं हीच!" म्हणत ती कितीतरी वेळ तळहात ठेवून बसली.

पण दुसऱ्या दिवशी अघटित घडलं. ऊन होतं, आणि एकदम काळोख झाला. मधलं काहीच नाही! ना सोनेरी, ना केशरी, ना गुलाबी. बगळ्यांना घरी जायची वेळच कळेना, ते तळ्यावर घिरट्या घालत राहिले. गोठ्यांतली वासरं हंबरत होती आणि त्यांच्या आया टेकडीवरच उभ्या होत्या. म्हातारे गुराखी केरूकाका कंदील घेऊन घरावरून गेले, तेव्हा वैतागून सांगत होते, "सांज झालीच न्हाई, तर गुरं वळणार कशी? सत्तर पावसाळं बघितलं, पर असलं काय बघितलं न्हाई!"

"आज घंटा का गं नाही आल्या?" आईने विचारलं.

कोपऱ्यातल्या चित्रात मात्र घंटा किणकिणत होत्या, एकट्याच. बकुळा पांघरुणात शिरली, पण वासरांचं हंबरणं काही थांबलं नाही. आपण काय केलं हे तिला कळून चुकलं होतं.

सकाळी फुटक्या कौलातून टिकलीएवढा कवडसा जमिनीवर उतरला. बकुळा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली. "कवडशी, ये ना गं!"

परी आली. आज तिचा झगा फिका पडला होता.

"माझं चुकलं," बकुळा म्हणाली. "ती कोरी जागा टेकडीची होती ना? पळसाच्या तिसऱ्या पानासारखी. मला आईने रोज सांगितलं होतं, तरी माझ्या लक्षात आलं नाही."

"हो गं. कोऱ्या जागेतून टेकडीचं मन कागदात येतं आणि तिथूनच परत जातं. तू दारच लिंपून टाकलंस, मग संध्याकाळ जाणार कुठून?"

"मग मी ती परत देऊ कशी?"

"चित्र तळ्यात धुवायचं. पण ज्या तळहाताने ती संध्याकाळ कागदावरून घेतली, त्याच तळहाताने ती परत द्यायला हवी." परीचा आवाज मऊ झाला. "म्हणजे तुझ्या आईनेच. आणि धुतलं की कागदावर काहीही उरणार नाही." एवढं बोलेपर्यंत कवडसा सरकला आणि विझून गेला.

बकुळाने मागे वळून पाहिलं. आई दाराच्या कोपऱ्यात बसून होती, हातात अर्धी पत्रावळ. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, ती तुझी संध्याकाळ आहे," बकुळा हुंदके देत म्हणाली. "तू एकदाच काहीतरी मागितलंस आणि मी..."

"वेडी पोर!" आईने तिला जवळ ओढलं. "वासरं उपाशी हंबरतायत आणि मी त्यांची सांज उशाशी घेऊन बसू? चल. पण बकू..." आईने अर्धी पत्रावळ खाली ठेवली. "मला भीती वाटते गं. बाहेर नुसता काळोख आहे."

दुपार कलल्यावर दोघी निघाल्या. आईने उंबरठ्यावर पाऊल ठेवलं आणि मागे घेतलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घेतलं. तिच्या कपाळावर घाम आला. तेव्हा बकुळाने तिचा हात घट्ट धरला आणि सांगायला लागली. या वेळी "चांगली आहे" म्हणाली नाही.

"तुझ्यापुढे तीन पावलांवर ऊन आहे, आई. पिवळं नाही, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं. त्याच्यापुढे सावली आहे, ती काळी नसते बरं का, निळी असते. सावलीत गेलीस की दंड गार होतील. तिथे कुर्डूचे तुरे आहेत, हात लांब केलास की लागतील. टोकाला गुलाबी, खाली चांदीचे."

आईने हात लांब केला. पाऊल पुढे पडलं. उंबरठा मागे राहिला, आणि तिला ते दहा पावलांनंतर कळलं!

मग काय, थोड्या वेळाने आईच वाट दाखवायला लागली. तिच्या पायांना सगळं आठवत होतं. "इथं उजवीकडे दगड आहे ना, म्हशीच्या पाठीएवढा? पुढं करवंदीची जाळी. सांभाळ हं, तुझा परकर अडकेल." आणि खरंच तो अडकला.

तळ्याचं पाणी काचेसारखं निपचित होतं. आईने चित्र हातात घेतलं. तळहात एकदाच, शेवटचा, त्याच्यावरून फिरवला. मग वाकून तिने ते पाण्यात बुडवलं आणि हळूहळू चोळलं.

सोनेरी सुटलं. केशरी सुटलं. गुलाबी धारा पाण्यात लांब लांब पसरत गेल्या. सगळ्यात शेवटी कोपऱ्यातली ती इटुकली झुळूक सुटली. पाण्यावर बारीक चुणी उमटली, तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, वळली आणि आईच्या अंगावरून सळसळत निघून गेली. नुसत्या तळहातावरून नव्हे, तर गालांवरून, मानेवरून, दुखऱ्या गुडघ्यांवरून. करवंदवाडीवर संध्याकाळ झाली होती!

बेडकांनी सूर लावला. बगळे झाडावर उतरले. आणि टेकडीवरून किणकिण किणकिण घंटा यायला लागल्या. गुरांच्या मागे केरूकाका होते. ते जागच्या जागी थबकले. "अगं, ही सगुणा न्हवं? टेकडीवर?"

"होय हो काका," आई म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "जरा वारा खायला आले होते."

बकुळाच्या हातात ओला कागद होता. कोरा करकरीत. आई म्हणाली, "दे बघू इकडं. रंगही दे." आणि तिथेच ओल्या काठावर बसून, परवा बकुळा घाईत विसरून गेलेल्या करवंट्यांत तिने बोटं बुडवली. कुठली करवंटी कुठल्या रंगाची, हेही तिने विचारलं नाही. बोटं कागदावर फिरत राहिली, थांबत, ऐकत, पुन्हा फिरत. मग तिने हात आवरता घेतला. एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी होती.

पळसाच्या पानांतून मावळतीचा शेवटचा कवडसा आला आणि त्या कोऱ्या जागेवर अलगद बसला. कवडशी त्यात उभी होती. तिचा झगा पुन्हा गुलाबी गुलाबी लखलखत होता.

"ज्यांना मूठ उघडता येते, त्यांची मूठ मी रिकामी ठेवत नाही," ती म्हणाली. "यापुढे जेवढी जागा कोरी सोडाल, तिथून रोज सकाळी नवा कागद फुटेल. जसं त्या तिसऱ्या पानाशेजारी नवं पान फुटतं, तसा."

"आणि माझी फुलपाखरं?" बकुळाने विचारलं. "म्हणजे तुझी?"

"आता अळ्या झाल्यात, दिवाळीत उडतील. एकाच्या पंखावर मी तुझ्या नाकावरचे शिंतोडे काढणार आहे!" परी खुदकन हसली. कवडसा उजळत गेला, पांढरा, पिवळा, सोनेरी, इतका की बकुळाला डोळे मिटावे लागले. डोळे उघडले तेव्हा पळसाच्या पानावर एक सोनेरी कण चमकत होता, आणि पाहता पाहता तोही विरघळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्राच्या कोपऱ्यातून खरंच नवा कोरा कागद डोकावत होता. तेव्हापासून मायलेकी रोज टेकडीवर जाऊ लागल्या. बकुळा दिसेल ते काढायची, आई लागेल ते काढायची. आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे, चित्रांवर हात ठेवून निवायचे, आणि जाताना कुणी तांदूळ ठेवायचं, कुणी गूळ. फुटकं कौल केरूकाकांनी बदलायला काढलं, तर बकुळाने त्यांना हात जोडून थांबवलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या पहिल्या सकाळी बकुळाच्या ध्यानात आलं, की आईच्या चित्रावर आपण अजून हातच ठेवलेला नाही. वेडेवाकडे पट्टे होते नुसते, लाल, निळे, हळदी. तिला वाटलं, यात तळं असेल, झुळूक असेल, घंटा असतील. तिने तळहात टेकवला आणि डोळे मिटून वाट पाहिली.

तळं नव्हतं. झुळूकही नव्हती. एक लहानसा हात होता, गरम, जरासा घामेजलेला, आईचा हात घट्ट धरून चाललेला. बकुळाने ओळखला, तो तिचाच होता.